ठिपक्याला ठिपका

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरला असशील तर आधी सांगते, आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा दादा जेवून आडवा झालाय. मीही आहे आपली, चालतंय तोवर चालतंय. घरात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटणारच. अरे, पण बोलू कुठून? फोन एकच, तो ह्यांच्या खिशात, आणि ह्यांना ऐकू कमी येतं म्हणून पलीकडचा जे बोलेल ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. मागे तू तुझ्या मूळव्याधीचं सांगत होतास ते समोरच्या टायरवाल्यानं ऐकलं आणि संध्याकाळी औषधाची पुडी घेऊन दारात हजर! तेव्हा हे बोलणं फोनवरचं नव्हे. आपल्या पाण्याच्या टँकरवाल्याबरोबर हे पत्र तुझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पाठवतेय. माणूस सरळ आहे, न उघडता देईल. गाडी इकडे आणण्याआधी हे वाच. वाचलंस की काय करायचं ते ठरव, पण वाचल्याशिवाय गाडी सुरू करू नकोस.

तू फोन केलास की इंजिन खोलायला झालंय, काम दादाच्याच हातून करून घेणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तेव्हापासून आमच्याकडे काय चाललंय ते तुला सांगितलं तर हसशील. ह्यांनी शेडातला कामाचा बाक डिझेलनं धुऊन काढला. पाने आकारानं लावून ठेवले. नव्या चिंध्या आणल्या, आणि चिंध्या पण कशा, माझी बरी असलेली चादर फाडून! केस कापून आले. जो येईल त्याला सांगतात, धाकट्याची गाडी येतेय, तोवर बाहेरचं काम घेणार नाही. स्पेअरवाल्याकडे जाऊन तुझ्या इंजिनाचं पॅकिंग आत्ताच आणून ठेवलंय. मला वाटतं आमच्या लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते. आणि तू वर सांगितलंस की इंजिन झालं की ती मोठमोठी यंत्रं लादून घाटाचा रस्ता धरायचा, पुढं बरेच महिने तोच चढ आणि तोच उतार. माझी जाऊही बरोबर असते म्हणालास, एकटीला घरी करमत नाही म्हणून. ते ऐकलं आणि माझ्या हातातली परात खाली पडली. ह्यांना वाटलं, आनंदानं.

तुझं आणि इंजिनाचं कधी जमलं नाही, ते एक बरंच. मी लग्न होऊन आले तेव्हा तू नाक ओढत उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून तोंडानं गाडी चालवायचास, आणि पाना दे म्हटलं की पळून जायचास. मला पळायला जागा नव्हती. स्वयंपाकघराचं दार उघडलं की शेड. भाजी चिरता चिरता डिझेलच्या ट्रेमध्ये सुटे भाग धुवायचे, हेच माझं माहेरपण आणि हेच सासर. पहिल्यांदा ह्यांनी ऑइल पंप हातात दिला तेव्हा मला वाटलं, सायकलच्या पंपासारखा हवा भरत असेल. हे पोट धरून हसले. मग दोन्ही मुठी एकमेकींत अडकवून दाखवलं. म्हणाले, बघ, दोन गिअर असे दातात दात घालून फिरतात. खालच्या चेंबरमधलं तेल ह्यांच्या मधून जात नाही, कडेनं जातं, दातांमधल्या खाचांत बसून भिंतीला घासत घासत वर चढतं. मधे दात इतके घट्ट बसलेले की परत यायला वाटच नाही. म्हणून तेल पुढं ढकललं जातं, बेअरिंगांपर्यंत पोचतं. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या आईसारखंच की, माणसाला पुढं ढकलायचं आणि परतीची वाट ठेवायची नाही. रागावू नकोस, तुझीही आईच ती, पण होत्याच तशा. हे किती हसले होते! मग गंभीर होऊन म्हणाले, हा पंप दमला की इंजिन मेलं समज. गाडी केवढीही मोठी असो, चाळीस टनांची का असेना, हे दोन मुठीएवढे गिअर थांबले की सगळी गाडी रस्त्यात बसते.

ती नेलपेंटची गोष्ट तुला माहीत आहे का? तू तेव्हा क्लीनर म्हणून बाहेर जायला लागला होतास. चाललेला पंप खोलला की गिअर बाहेर काढायच्या आधी हे खूण करतात. ज्या दातावर जी खाच बसली असेल त्या दोन्हींवर एकेक ठिपका. पुन्हा बसवताना ठिपक्याला ठिपका यायलाच हवा. वर्षानुवर्षं एकमेकांत फिरून दोघं एकमेकांपुरते झिजलेले असतात, दुसऱ्याशी त्यांचं जमत नाही. एक खराब निघाला तर दोन्ही बदलायचे, नव्याला जुना जोडायचा नाही, आणि ह्या गाडीचा त्या गाडीला तर नाहीच नाही. खडूची खूण धुतली की जाते, छिन्नीनं मारलं तर दात दुखावतो. मग एकदा ह्यांना माझी नेलपेंटची बाटली सापडली. लग्नात बहिणीनं दिलेली, मी जपून जपून वापरत होते. माझं एका बोटाचं नख रंगायच्या आत ह्यांनी त्यात अर्धा डझन पंप रंगवले. आमचं पहिलं मोठं भांडण त्यावरून झालं, मी तीन वेळा जेवले नव्हते. आता हसू येतं. पुढं आमच्या घरात नेलपेंट फक्त गिअरसाठीच आलं. दुकानदारीण मला अजून म्हणते, ताई, हौशी आहात हो! माझी काळी नखं बघून सुद्धा म्हणते.

आता मुद्द्याला येते. येतेय रे, जरा दमानं घे. हल्ली अख्खं इंजिन हे करत नाहीत, हे तुला मी कधी सांगितलं नाही. गुडघे धरलेत म्हणून, असं सगळ्यांना सांगतो आणि ते खोटंही नाही. ब्लॉक, क्रँक, बेअरिंगं, हेड, सगळं मौनी करतो. मौनी म्हणजे तो आपला जुना फिटर, ज्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं. काम मात्र नीट करतो, नावं ठेवायला जागा नाही. हे फक्त बाकापाशी स्टुलावर बसून पंप बांधतात. पलीकडच्या गॅरेजमधूनही पंप येतात, कारण पंपाला हात ह्यांचाच, असं सगळीकडे नाव. त्या नावावर आमचं चाललंय, घरही आणि ह्यांचं मनही.

सुरुवात चष्म्यापासून झाली. चष्मा कपाळावर आणि हे शेडभर शोधतायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून मी चिडवायचे, तेही हसायचे. मग पाना फ्रीजमध्ये सापडला. मग एकदा मला म्हणाले, ही आली नाही का अजून? ही म्हणजे मीच, समोर उभी, हातात चहा. मी म्हटलं, येईल की, चहा घ्या तोवर. वय झालं की सगळ्यांचंच होतं, असं मी म्हणत राहिले. आपल्याला जे बघायचं नसतं त्याला आपण वय म्हणतो.

मग तो टँकर आला. हाच टँकरवाला, ज्याच्या हाती हे पत्र आहे. त्याचं इंजिन झालं, सकाळी सुरू केलं तर तेलाच्या प्रेशरचा काटा झकास चढला, मौनीनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. गार असताना चढणारच. भरलेला टँकर घेऊन हा टेकडीवरच्या वस्तीकडे निघाला, इंजिन तापलं, तेल पातळ झालं, आणि अर्ध्या चढावर काटा खाली, लाल दिवा वर. माणूस शहाणा, लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली, चाकांखाली दगड लावले. ओढून आणली तेव्हा बेअरिंगं काळी पडायला लागली होती, क्रँक तेवढा वाचला. आणखी थोडं दामटलं असतं तर इंजिन जाम होऊन तिथंच बसलं असतं, आणि पाण्यानं भरलेली गाडी उतारावर मागं कुठं गेली असती कोण जाणे. खालीही वस्ती आहे रे. हे स्पेअरवाल्याच्या अंगावर धावून गेले, तेल भेसळीचं दिलंस म्हणून. तो बिचारा डबे उघडून दाखवत होता.

पंप खोलून मौनीनं धुवायला माझ्या ट्रेमध्ये टाकला. मी ब्रश फिरवला आणि माझा हात थांबला. एका गिअरवर गडद लाल ठिपका होता आणि दुसऱ्यावर गुलाबी. लाल बाटली संपली तेव्हा मीच गुलाबी आणली होती, ती छटा मिळाली नाही म्हणून. म्हणजे लाल ठिपक्याची जोडी टँकरची आणि गुलाबी जोडी तेव्हाच कामाला आलेल्या कचऱ्याच्या गाडीची. दोन्ही पंप एकाच वेळी बाकावर उघडे होते आणि ह्यांनी ह्या पंपाचा एक गिअर त्याला आणि त्याचा ह्याला घातला होता. ठिपक्याला ठिपका बरोबर लागला होता, अगदी नेमका. रंग तेवढा दिसला नाही. आयुष्यभर ज्यांनी जोडी मोडू नका म्हणून दुसऱ्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या हातून हे झालं. मी गिअर चिंधीत गुंडाळून ठेवले आणि भाताला फोडणी द्यायला आत गेले. काय करणार होते? मौनीला सांगावं लागलं. कचऱ्याची गाडी पॅकिंग बदलायच्या निमित्तानं त्यानं परत बोलावली आणि जोड्या जागच्या जागी घातल्या. आणि त्या बडबड्यानं आजवर ह्यातला एक शब्द बाहेर काढलेला नाही. पहिल्यांदाच त्यानं स्वतःचं नाव खरं केलं.

डॉक्टरांकडे नेलं, गुडघ्यांचं म्हणून. मी आधी जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून आले होते. त्यांनी कागद देऊन ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला, छान सुबक, आणि त्याला भोवती दात काढत बसले, एकेक दात सारखा. आकडे नाहीत, काटे नाहीत. मी हसून म्हटलं, बाई, ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नसतंच. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं. गोळ्या दिल्यात, गुडघ्यांच्या म्हणून घेतात. त्या म्हणाल्या, हे विसरणं वाढत जाणार, हळूहळू, आणि माणसाला त्याच्या कामापासून एकदम तोडू नका. बाईंना सांगायला सोपं. कामापासून तोडू नका आणि कुणाचा जीवही घेऊ नका, हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते कुठल्या गोळीवर लिहिलेलं नसतं.

मग मी माझा मार्ग काढला. हे सकाळी पंप बांधतात, जेवून झोपतात, मौनी संध्याकाळकडे तो इंजिनात चढवतो. मधली दुपार माझी. हे आडवे झाले की मी चपला न घालता शेडात जायचे, झाकणाचे बोल्ट काढायचे, गिअर बाहेर घ्यायचे, ठिपके बघायचे, रंग बघायचे. फिलरची पट्टी घालून फट मोजायची. गिअर बोटांनी फिरवून कुठं अडखळतो का ते बघायचं. नवं तेल सोडून पुन्हा बंद, आवळून, पुसून, होता तसा बाकावर. ह्यांनी आवळलेले बोल्ट सोडवायला माझ्या मनगटात बळ कुठून आणू? पान्यावर सगळं वजन टाकून लोंबकळायचे. संध्याकाळी पीठ मळताना मनगटं रडायची. हे विचारायचे, काय होतंय? मी म्हणायचे, वय होतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी रोज दुपारी खात होते. आणि मला सापडायचं काय? बहुतेक दिवस काहीच नाही! सगळं चोख, जसं ह्यांनीच करावं. तेच जास्त छळायचं. आपणच ह्या माणसावर उगाच पाळत ठेवतोय, आपलीच नियत खोटी, असं वाटायचं. एखाद्या दिवशी मात्र गिअर उलटा बसलेला, किंवा शाफ्टची चावी, गिअर जागी धरणारी ती लोखंडी खुंटी, घालायचीच राहिलेली. मग तिथंच जमिनीवर बसायचे थोडा वेळ.

एका दुपारी गेले तर झाकणाचे बोल्ट नुसते बोटांनी फिरवलेले. पाना लावायच्या आधीच सुटले. मला वाटलं, विसरले असणार. मग बघते तर पंपाखाली धुतलेली चिंधी, तिच्यावर मला लागतो तो छोटा पाना, फिलर, तेलाची पिचकारी, आणि माझा चष्मा. चष्मा पुसलेला. मी दुपारी तो घरभर शोधत होते. आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. मी ह्यांच्याशेजारी जन्म काढलाय, खरं घोरणं कुठलं आणि लबाडीचं कुठलं, मला नाही कळणार? बाई गं, मी किती रडले! पदर तोंडात कोंबून रडले. त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते देव जाणे. मी लोंबकळून बोल्ट सोडवते हे त्यांनी बघितलं असणार, आणि माझ्या मनगटांसाठी त्यांनी झाकण सैल ठेवलं. आयुष्यात ज्यानं एक बोल्ट अर्धवट आवळला नाही त्यानं.

तेव्हापासून आमचं तसंच चालत आलं. ते पंप बांधायचे, झाकण सैल ठेवायचे, मी तपासून आवळायचे, आणि चार वाजता ते उठून पंप हातात घेऊन एकदा फिरवून बघायचे आणि मौनीला म्हणायचे, घे, चढव. कुणी एक शब्द बोललं नाही. मी चूक दुरुस्त केली तरी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. लोक म्हणायचे, अजून हात तसाच आहे हो तुमचा. हे म्हणायचे, आहेच मुळी. आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. खरं सांगू, दमले होते तरी मला त्यात बरं वाटत होतं. आमच्या संसारात एवढं गोडीनं आम्ही कधीच काही केलं नव्हतं.

आणि मग तुझा फोन आला. त्या संध्याकाळी हे बाकापाशी उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून, आणि म्हणाले, धाकट्याचा पंप मी बांधणार आणि मीच आवळणार, तू दुपारी शेडात यायचं नाहीस. पहिल्यांदा उघड बोलले ते हे. मी बरं म्हटलं आणि दूध उतू घालवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनात म्हणाले, पण तेही खरं नव्हे. पीळ नव्हता तो. धाकट्या भावाला आपल्या हातचं काहीतरी पुरं द्यावं, कुणी मागून न तपासलेलं, एवढंच त्यांना हवंय. तुला त्यांनीच वाढवलं ना रे.

तेव्हापासून सराव चाललाय. एक जुना पंप घेऊन सकाळपासून खोलतात, बांधतात, खोलतात, बांधतात. काल सगळं नीट बसवलं, स्वतःशीच हसले. परवा एक गिअर आत घातला आणि दुसरा शोधायला लागले. बाकावर, बाकाखाली, चिंध्यांत. चिडले, मौनीवर ओरडले. गिअर त्यांच्या डाव्या हातात होता. मौनीनं बाहेर बघितलं, मी चुलीकडं बघितलं. मग त्यांना तो हातात दिसला. आणि मला दिसलं हे त्यांना दिसलं. तो चेहरा मी तुला कागदावर काय सांगू. लहान मुलाचा अंथरूण ओलं झाल्यावर होतो, तसा.

म्हणशील, एवढं काय, नेहमीसारखं चोरून बघ. विचार केला ना. नाही होणार रे माझ्याच्यानं. आजवर त्यांनी झाकण सैल ठेवलं, म्हणजे त्यांनीच मला आत घेतलं होतं. आता येऊ नको म्हटल्यावर मी ते उघडलं तर ती चोरी झाली, आणि त्यांना कळणारच, आवळलेला बोल्ट कुणी फिरवला तर त्यांचा हात ओळखतो, डोकं विसरलं तरी. बरं, तुला येऊ नको सांगावं, दुसऱ्या गॅरेजला जा म्हणावं, तर ह्यांनी बाक धुवून ठेवलाय. तू आला नाहीस की त्यांना का ते कळेल, आणि मग ते त्या स्टुलावर पुन्हा बसायचे नाहीत. आणि काहीच न बोलता होऊ द्यावं, ठिपके लागले असतील म्हणून देवावर सोडावं, तर तू त्या चढावर, मागं यंत्रांचं ओझं आणि शेजारी माझी जाऊ. भाजी चिरताना मला तो काटा खाली येताना दिसतो. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे मी, करपलेल्या दुधाचं भांडं घासत. मी दमलेय रे धाकट्या. काम करून नव्हे, कामानं कोण दमतं. गप्प राहून दमलेय.

तेव्हा ऐक, हे पत्र कशासाठी लिहिलं ते. तू ये. ठरल्या दिवशी ये, हॉर्न वाजवत ये. जेव, दादाच्या पाया पड, आणि मग बाकापाशी उभा राहून, मौनी आणि तो टायरवाला ऐकतील एवढ्या मोठ्यानं सांग, दादा, इंजिन तुझ्या शेडातलं, पण पंप मला वहिनीच्या हातचा हवा, तू बसून तिच्याकडून करून घे. कारण विचारलं तर देऊ नकोस, हट्ट कर, तुला तो येतो. ते भडकतील. पाना फेकतील, जेवायचे नाहीत, तुझ्याशी बोलायचे नाहीत. फेकू देत. तू मागं हटू नकोस. मी हे बोलले तर बायकोनं हातातलं काढून घेतलं असं होईल, तू बोललास तर भावानं मागितलं असं होईल. काढून घेतलेलं माणूस विसरत नाही, आणि बाकी सगळं विसरल्यावरसुद्धा तेवढंच लक्षात राहील अशी मला भीती वाटते. पण मला त्यांच्या चिडण्याची तेवढी धास्ती नाही. समजा ते चिडलेच नाहीत. समजा तू म्हणालास आणि त्यांनी नुसती मान हलवली, उठले, आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. तसं झालं तर त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणू नकोस, तुला माझी शपथ आहे. गाडीत काहीतरी राहिलंय म्हणून बाहेर जा आणि केबिनचं दार लावून घे. मला मात्र तिथंच बसायचंय, त्यांच्या शेजारी, पंप हातात घेऊन.

तुझीच,
वहिनी